ओव्हरकम : नक्की कोण कोणाच्या वर आलं?

स्वल्पविराम

भाषांतराच्या एका कामात नऊ शब्दांच्या वाक्याने माझे दोन दिवस खाल्ले, म्हणून हा धागा.

वाक्य असं : 'शी ओव्हरकेम हर फिअर, बट वॉज ओव्हरकम बाय ग्रीफ.'

पहिल्या खर्ड्यात मी बिनधास्त लिहून टाकलं, 'तिने भीतीवर मात केली, पण दुःखाने तिच्यावर मात केली.' संपादकांकडून कागद परत आला तेव्हा दुसऱ्या 'मात केली'भोवती लाल गोल होता आणि समासात एकच प्रश्नचिन्ह. बाकी शेरा नाही. त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसल्यावर मलाही खटकायला लागलं. अडचणीवर मात करतो, आजारावर करतो, पण दुःख आपल्यावर मात करतं असं आपण बोलताना म्हणतो का? मी तरी कधी म्हटलेलं आठवत नाही.

इंग्रजीत मात्र हे एकच क्रियापद दोन्ही बाजूंनी खेळतं. कर्तरी वाक्यात माणूस वर, अडचण खाली. कर्मणी केलं की भावना वर, माणूस खाली. शिवाय कर्मणीत दर वेळी वाईटच काही घडलेलं असतं असंही नाही. आनंदाने, कृतज्ञतेने माणूस 'ओव्हरकम' होतो, आणि आगीच्या बातमीत धुराने बेशुद्ध पडलेल्यालाही हाच शब्द लागतो.

जरा खणल्यावर कळलं की शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला आहे. तेव्हाचं रूप 'ओव्हरकुमन' : वर आणि येणे. अर्थ गाठणे, धरणे, नमवणे. 'बेओवुल्फ' हे काव्य ज्या हस्तलिखितात टिकलं ते साधारण इ.स. १००० च्या आसपासचं. ग्रेंडेल राक्षसाला नायकाने नमवलं हे सांगताना त्यात हेच क्रियापद वापरलंय. नायक तलवार बाजूला ठेवून नुसत्या हातांनी झुंजतो आणि राक्षसाचा हात खांद्यापासून उपटतो. हजार वर्षांपूर्वी ओव्हरकम करणं हे असं अंगाला अंग भिडवून केलेलं काम होतं. आज तेच क्रियापद आपण चार लोकांसमोर बोलायच्या भीतीला लावतो.

पण 'वर येणे' यातून 'जिंकणे' कसं निघालं? आणि ते उलटून माणसावरच कसं आलं? मराठीत दोन्ही बाजूंना पुरेल असं काही आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकावा, सध्या काहीही चालेल.

---

आडवाटेचा

छान विषय काढलात. या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत, फक्त कपडे बदलून आलेत.

आधी 'ओव्हर'. संस्कृतातलं 'उपरि', ग्रीकमधलं 'हायपर', लॅटिनमधलं 'सुपर' आणि हे 'ओव्हर' ही सगळी भावंडं. 'उपरि'चं प्राकृतात 'उवरि' झालं, जुन्या मराठीत 'वरी' आणि आज आपण म्हणतो 'वर'. 'टेबलावर' म्हणताना शेवटी जी दोन अक्षरं येतात, तीच नात्याने 'ओव्हर'.

आता 'कम'. हा 'गम्' धातूचा भाऊ. गच्छति, आगमन, संगम यांतला गम्. जर्मानिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन, डच यांचं घराणं) मूळच्या 'ग'चा 'क' झाला. एकट्या शब्दावरून असं बोलणं धोक्याचं असतं, पण इथे रांगच लागते : आपला 'गो', त्यांची 'काऊ'. आपलं 'युग' (जुवाचं, जोडीचं), त्यांचं 'योक'. आपला 'गम्', त्यांचा 'कम'. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे ध्वनिबदल नियमात बसवून दाखवले. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला, तोच. त्याच नियमाने 'प'चा 'फ' होतो : पितृ आणि फादर, तसं उपरि आणि 'ओफर'. जुन्या इंग्रजीत लिहायचे 'फ', पण दोन स्वरांच्या मध्ये उच्चार 'व्ह' व्हायचा.

लॅटिनमध्ये त्याच धातूचं झालं 'वेनिरे', म्हणजे येणे. 'इंटरव्हीन' त्यातून आला, आणि तो घटकशः 'अंतर्' अधिक 'गम्' आहे. एखाद्या भांडणात मध्ये पडताना आपण किती जुनी संधी करतोय ते लक्षात येत नाही.

तर 'ओव्हरकम' म्हणजे अक्षरशः 'उपरि-गम्'. वर येणे. फरक एवढाच की आपला गम् जातो आणि त्यांचा कम येतो.

---

जय_गीर्वाणभारती

म्हणजे शेवटी इंग्रजी संस्कृतातूनच निघाली हे सिद्ध झालं. ओव्हरकम हा मूळ संस्कृत शब्द आहे!!

---

आडवाटेचा

नाही हो. चुलत भावंडांचे चेहरे मिळतात म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही. दोघांचे आजोबा एक, आणि त्या आजोबांचं लेखी काहीच मागे राहिलेलं नाही. त्यांची भाषा नातवंडांच्या बोलण्यावरून मागे जात जात मांडलेली आहे, म्हणून पुस्तकांत त्या मूळ रूपांच्या आधी तारा छापतात. विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात हेच सांगितलं होतं : संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नसेल.

---

दुपारची_झोप

मी अजाणकार गटातून.

'वर येणे'मधून 'भावनेने घेरणे' कसं निघालं, यात अवघड काय आहे? आपल्याकडे सगळ्या भावना येतातच की. राग येतो, रडू येतं, हसू येतं, कंटाळा येतो, किळस येते. भरून येतं, भडभडून येतं, उचंबळून येतं, कंठ दाटून येतो. आपण काहीच करत नाही, आपण फक्त घरी असतो. आणि जास्तच झालं तर 'अंगावर येतं'. वर + येतं. झालं की ओव्हरकम!

मला रोज दुपारी जेवणानंतर जे येतं त्यावर मी आजवर मात करू शकलेले नाही.

---

स्वल्पविराम

@दुपारची_झोप, हसता हसता थांबले. हे खरंच आहे. इंग्रजीतला कर्मणी अर्थ आपण 'येणे'ने सांगतो आणि कर्तरी अर्थ 'मात'ने. एका क्रियापदाचं काम दोघांत वाटून घेतलंय. मी दुसऱ्या जागी पहिल्याला बसवलं म्हणून लाल गोल.

---

पाचवी_वही

इंग्रजीकडे 'मात करणे'साठी डझनभर शब्द आहेत आणि बरेचसे १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून शिरले आहेत. ते उघडून बघितले की प्रत्येकाच्या पोटात वेगळंच चित्र निघतं.

'कॉन्कर'चं मूळ लॅटिनमध्ये शोधून गोळा करणे. 'क्वेस्ट' आणि 'क्वेश्चन' त्याच घरचे. जग जिंकणारा मुळात काहीतरी हुडकत होता. 'डिफीट' म्हणजे केलेलं उलगडून टाकणे, विणलेलं उसवावं तसं. 'व्हँक्विश' हे लॅटिन 'विंकेरे', म्हणजे जिंकणे, याच्यातून. त्याच 'विंकेरे'तून फ्रेंचच्या वाटेने न जाता आलेला 'कन्व्हिन्स' तर मला फारच आवडतो. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ वादात हरवणे असा होता. हल्ली आपण उठसूट 'मला कन्व्हिन्स कर ना' म्हणतो, म्हणजे खरं तर 'ये, मला लोळव'.

पण या धाग्यासाठी सगळ्यात मोलाचा शब्द म्हणजे 'सरमाउंट'. 'सर' हे लॅटिन 'सुपर'चं फ्रेंच रूप, म्हणजे वर आडवाटेचा यांनी सांगितलेलं आपलंच 'वर'. 'मॉन्ते' म्हणजे चढणे, आणि ते आलं 'मॉन्स' म्हणजे डोंगर यातून. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता वर निघणे, पुढे जाणे. नंतर अडचण पार करणे. स्थापत्यावर लिहिणारे अजून मूळ अर्थाने वापरतात : घुमट पुतळ्याने 'सरमाउंटेड' आहे, म्हणजे घुमटावर पुतळा बसवलाय. पुतळ्याने घुमटाला हरवलेलं नाही.

आता 'वर' आणि 'चढणे' शेजारी ठेवून बघा. 'वरचढ'! तो सगळ्यांना वरचढ ठरला. 'सरमाउंट' जसा बांधलाय तसाच, तुकड्याला तुकडा जुळवून, आणि कुणी भाषांतर म्हणून घडवलेला नाही. हे लिहिताना मला जो आनंद झालाय त्याने मी, माफ करा, ओव्हरकम झालोय.

(अवांतर : 'अमाउंट'ही त्याच डोंगरातून येतो. रक्कम वर वर चढत जाते ती. बिल बघताना हे मनोमन पटतं.)

---

चष्मा_शोधतोय

इतक्या उंचीवरून जरा खाली येऊन. मी शिकवतो, आणि या शब्दाच्या दोन चुका आठवड्यातून एकदा तरी तपासतो.

एक, 'ओव्हरकम्ड'. असं रूप नाही. कम-केम-कम, तसंच ओव्हरकम-ओव्हरकेम-ओव्हरकम. पहिलं आणि तिसरं रूप एकच असल्यामुळे कर्मणी वाक्य वर्तमानकाळासारखं दिसतं आणि मुलं गोंधळतात.

दोन, 'ओव्हरकम' आणि 'कम ओव्हर' एकच समजणं. इंग्रजीत हे तुकडे कोणत्या क्रमाने येतात त्यावर सगळं अवलंबून. 'लुक ओव्हर' म्हणजे नजरेखालून घालणे, 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणे. 'टेक ओव्हर' म्हणजे ताब्यात घेणे, 'ओव्हरटेक' म्हणजे मागे टाकणे. 'कम ओव्हर' म्हणजे साधं 'ये इकडे'. मात्र मूळ प्रश्नाशी जोडणारी एक गोष्ट : 'व्हॉट केम ओव्हर यू?' म्हणजे 'तुला एकाएकी झालं तरी काय?' इथे सुटं 'कम ओव्हर' असूनही अर्थ अंगात शिरण्याचा आहे.

संस्कृत शिकलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते', उपसर्ग धातूच्या अर्थाला ओढून भलतीकडे नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार, सगळीकडे 'हृ' एकच.

---

खारुताई

कोणीच 'मात'बद्दल बोलत नाहीये, मग मी बोलते. 'मात' हा बुद्धिबळातला शब्द, 'शाह मात'मधला. फारसीतून आपल्याकडे आला आणि अरबी-फ्रेंच वळसा घालून इंग्रजीत 'चेकमेट' झाला. म्हणजे त्यांच्या 'मेट'मध्ये आपलीच मात बसली आहे. 'चेक' हा शाह, आणि 'चेस' हेही त्या शाहचंच अनेकवचन बिघडून झालंय. 'शाह मात' म्हणजे राजा मेला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. अरबी 'मात' म्हणजे मेला, त्यावरून. दुसरं मत असं की फारसीत त्याचा अर्थ हतबल, निरुपाय झालेला. मला दुसरं पटतं, कारण पटावर राजाला कोणी मारतच नाही. त्याच्या आजूबाजूची घरं एकेक करून बंद होतात आणि तो जागच्या जागी उभा राहतो. डाव तिथेच संपतो.

म्हणून 'अडचणीवर मात करणे' हा प्रयोग मला नेमका वाटतो. अडचण नाहीशी होत नाही, तिला हलायला जागा उरत नाही.

तरीही माझं मत 'पुरून उरणे'ला. संकटांना पुरून उरली! आधी पुरायचं आणि वर शिल्लकही राहायचं. इंग्रजीत हे कसं सांगणार?

---

रोखठोक

मजा येतेय, पण थोडं थंड पाणी ओततो. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवणं म्हणजे पणजोबांच्या फोटोवरून पणतूची उंची सांगणं. बोलणाऱ्याच्या डोक्यात 'ओव्हर' नसतो, 'कम' नसतो, ग्रेंडेलचा हात तर नसतोच. स्वल्पविराम यांना भाषांतर करायचंय आजच्या वाक्याचं.

आणि शेजारच्या भाषांनीही तुकडे तेच घेऊन वेगळं केलंय. जर्मनमध्ये 'उबरकोमेन' आहे, पण तो भावना दाटून येण्यासाठी. अडचणीवर मात करायला ते दुसरंच क्रियापद घेतात, 'उबरविंडेन'. डचमध्ये 'ओव्हरकोमेन' म्हणजे एखाद्याच्या बाबतीत काही घडणे. तुकडे सारखे असून उपयोग काय?

---

आडवाटेचा

@रोखठोक, फोटोची उपमा चोरणार आहे. पण तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूने साक्ष देतात. जर्मन आणि डचमध्ये माणसावर काहीतरी 'येतं'. म्हणजे इंग्रजीचा कर्मणी अर्थ हा काही नंतर उगवलेला फाटा वाटत नाही. 'वर येणे'ला दोन्ही दिशा पहिल्यापासून मोकळ्या होत्या. कोण वर आलं, एवढाच प्रश्न.

आणि आपल्याकडे याचं हुबेहूब जुळं आहे. 'अभिभव'. अभि अधिक भू. गीतेच्या चौदाव्या अध्यायात रज आणि तम यांना 'अभिभूय' सत्त्व वर येतं. हा झाला कर्तरी ओव्हरकम, सरळ वरचढ होणं. आणि मराठीत आपण काय ठेवलं? 'अभिभूत'. सत्काराला उत्तर देताना वक्ता म्हणतो, 'मी अभिभूत झालो आहे.' शब्दशः त्याचा पराभव झालाय, पण सभागृह टाळ्या वाजवतं.

सांख्य दर्शनाच्या 'सांख्यकारिका' या श्लोकबद्ध ग्रंथात एक सुरेख जागा आहे. वस्तू असूनही दिसत का नाही, याची कारणं सातव्या कारिकेत दिली आहेत : फार लांब आहे, फार जवळ आहे, मन ठिकाणावर नाही, वगैरे. त्यांतलं एक कारण 'अभिभव'. टीकाकार उदाहरण देतात दिवसा न दिसणाऱ्या ताऱ्यांचं. तारे असतात जागेवरच. सूर्याचं तेज त्यांच्यावर पसरलेलं असतं, इतकंच.

मला वाटतं तुमचा लाल गोल इथे सुटतो. 'ओव्हरकम बाय ग्रीफ' मधली बाई हरलेली नाही. दुःखाच्या उजेडात ती दिसेनाशी झाली आहे.

---

रोखठोक

दुःखाचा उजेड? असो. ताऱ्यांचं मात्र आवडलं. माघार अर्धी.

---

खारुताई

'तरून जाणे' राहिलं की! तॄ म्हणजे ओलांडणे. दुस्तर, निस्तरणे, अवतार, तीर्थ सगळे तिथले. ग्रीक 'नेक्टर'मधला 'तर'ही तोच असावा असं मानतात, आणि 'नेक' म्हणजे मृत्यू. मृत्यूला ओलांडणारं पेय. आपलं अमृतच.

---

स्वल्पविराम

सगळ्यांचे आभार. काल रात्री इतके पर्याय लिहून काढले :

'भीतीला ती पुरून उरली, पण दुःख तिच्या अंगावर आलं.' मराठी आहे, पण दुःख बैलासारखं वाटतंय.

'भीतीवर तिने मात केली, दुःखाने मात्र ती अभिभूत झाली.' ताऱ्यांवर माझा जीव जडलाय, पण मराठी वाचकाला इथे हारतुरे दिसणार.

'ती भीतीला वरचढ ठरली, दुःखापुढे मात्र तिने हात टेकले.' हात टेकणं ही तिने केलेली कृती झाली. मूळ वाक्यात तिने काहीच केलेलं नाही. ती फक्त घरी होती, दुपारची_झोप म्हणतात तशी.

मूळ वाक्याची सगळी मजा एकच शब्द दोनदा येण्यात आहे आणि नेमकी तीच हातातून निसटतेय.

---

दुपारची_झोप

उठले आत्ताच. 'भीती तिने आवरली, पण दुःख अनावर झालं.' चालेल का?

---

पाचवी_वही

!!!

एकच शब्द, दोन्ही बाजूंना. कर्तरी आणि उलटा. आम्ही इथे लॅटिन उपसतोय आणि या झोपेतून उठून उत्तर देऊन जातात.

---

आडवाटेचा

वा! (कोणी विचारण्याआधीच सांगतो : 'आवर'मधला 'वर' हा आपला 'उपरि'वाला नाही. तो 'आ' अधिक 'वृ', झाकणे-अडवणे, त्यातला. योगायोग आहे, पण गोड आहे.)

---

रोखठोक

एक शंका. आवरणं म्हणजे जिंकणं नव्हे. आवरलेली भीती आतच असते, फक्त दाबून धरलेली. 'ओव्हरकेम' म्हणताना इंग्रजी लेखक भीती संपली असं सांगतोय. अर्थ एक पायरी खाली उतरतोय.

---

स्वल्पविराम

@रोखठोक, हे मनाला लागलं, म्हणून पुढचा मजकूर पुन्हा वाचला. चार परिच्छेदांनंतर तिची भीती परत येते. रात्री, जिन्यात, दिवा गेलेला असताना. म्हणजे लेखकाचीही ती संपलेली नव्हती. 'आवरली' हेच बरोबर आहे, कदाचित मूळ शब्दापेक्षाही.

वाक्य पाठवलं. कागद परत आलाय. गोल नाही, प्रश्नचिन्ह नाही. पुढच्याच ओळीतल्या 'ओव्हरव्हेल्म्ड'भोवती मात्र एक आहे.

---

चष्मा_शोधतोय

'व्हेल्म' म्हणजेच मुळात उलथणे, पालथं घालणे. त्याच्यावर पुन्हा 'ओव्हर'. नवीन धागा काढा.